टीव्हीत दाखवतात तसंच तिकडं असतंय काय? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कामाला आहे. कास्टिंगशी, म्हणजे धातू ओतायच्या कामाशी, माझा संबंध तसा कमीच. ऑडिटला, मशिन बसवायला बाहेरच्या देशातनं जी माणसं येतात त्यांची सोय बघायची, विमानतळावरनं आणायचं, हॉटेल, जेवण, संध्याकाळी रंकाळा, रविवारी पन्हाळा, हे माझं काम. सोळा वर्षं झाली. जर्मन, इटालियन, अमेरिकन, पोलिश, कोरियन सगळे बघून झाले आणि सोळा वर्षं दोन्हीकडनं तेच प्रश्न येतायत. आपली माणसं मला कँटीनच्या कोपऱ्यात घेऊन विचारतात, पाहुणे गाडीत मागच्या सीटवरनं विचारतात, विषय एकच की त्यांच्यात 'तसलं' सगळं, म्हणजे प्रेम, लफडी, सेक्स, कसं असतं. आणि दोघांचीही माहिती टीव्हीतनंच आलेली. दरवेळी तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून काढतोय.

प्र. अमेरिकेत खरंच सगळे आज हिच्याबरोबर उद्या तिच्याबरोबर असं राहतात काय?

नाही हो. १९९२ ला शिकागो विद्यापीठाच्या लोकांनी तिकडं मोठा सर्व्हे केला होता, १८ ते ५९ वयाच्या ३,४३२ माणसांना समोर बसवून विचारलं. त्यात ८३ टक्के लोकांना गेल्या वर्षभरात एकच जोडीदार होता नाहीतर कुणीच नव्हतं. म्हणजे बहुतेकांचं आपल्यासारखंच, नोकरी, हप्ते, पोरांची शाळा, रात्री दमून झोप. २०१३ ला प्यू रिसर्च सेंटरनं बऱ्याच देशांत विचारलं की लग्न झालेल्या माणसानं बाहेर लफडं करणं चूक का बरोबर, तर ८४ टक्के अमेरिकन म्हणाले चूक. फ्रान्समध्ये फक्त ४७ टक्के चूक म्हणाले, हा आकडा त्या यादीत सगळ्यात खाली होता. आता गंमत बघा, कोल्हापुरात कुणालाही विचारा, बिघडलेला देश कुठला, अमेरिकाच म्हणणार. फ्रान्सचं नावसुद्धा कुणी घेत नाही, कारण नव्वद सालानंतर आपल्या केबलवर फ्रेंच सिरीयल आल्याच नाहीत.

प्र. मग सिरीयलमध्ये दर आठवड्याला नवीन गर्लफ्रेंड कशी असते?

कारण सिरीयल आहे ती. 'फ्रेंड्स' १९९४ ते २००४ चाललं, २३६ एपिसोड, आणि मेन माणसं सहा. त्या सहा जणांनी पहिल्याच वर्षी लग्न करून संसार थाटला असता तर उरलेली नऊ वर्षं लेखकानं काय पीठ मळायचं होतं काय. नवीन माणूस आला की नवीन गोष्ट, तो गेला की पुढची, एवढाच हिशोब.

'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल'चं तर याहून अवघड आहे. १९८७ ला सुरू झालं ते अजून संपलेलं नाही, रोज एपिसोड आणि माणसं त्याच एका फॅशनवाल्या घराण्यातली. त्यामुळं त्यातली ब्रूक आधी बापाशी लग्न करते, मग त्याच्या एका पोराशी, मग दुसऱ्या पोराशी, मग परत पहिल्याशी. आमच्या गल्लीतले काका तेव्हा म्हणायचे, "ह्यांच्यात सोयरीक जुळवायला बाहेर जावंच लागत नाही." काका ते अमेरिकेचं समाजशास्त्र म्हणून सांगायचे, लेखकाची ती अडचण होती, ठरलेल्या चार-पाच माणसांत तीस-पस्तीस वर्षं भांडण लावायचं तर दुसरं करणार काय.

प्र. पण आपल्या डोक्यात हे बसलं कधी?

१९९१ नंतर. त्याच्याआधी दूरदर्शन, त्यात फुलं हलायची आणि कॅमेरा दुसरीकडं जायचा. १९९१ ला हाँगकाँगमधनं स्टार टीव्ही सुरू झाला आणि वर्ष-दोन वर्षांत पेठेतनं केबल आली. आमच्या मंगळवार पेठेत केबलवाल्यानं वायर आधी लाईटच्या खांबावरनं, तिथनं नारळाच्या झाडावरनं, मग आमच्या संडासाच्या पत्र्यावरनं घरात आणली होती. पाऊस आला की चित्राला मुंग्या. स्टार प्लसवर तेव्हा हिंदी नव्हतंच, सगळं इंग्लिश, 'सांता बार्बरा', 'बोल्ड', नंतर 'बेवॉच'. घरात इंग्लिश कुणालाच कळत नव्हतं. हे लक्षात ठेवा, महत्त्वाचं आहे, कारण बोलणं कळत नसलं की माणूस फक्त चित्र बघतो, आणि चित्रात काय तर चुंबन, भांडण, स्विमिंग पूल. ती दोघं नवरा-बायको आहेत, का लफडं आहे, का तिला त्याचा पस्तावा होतोय, हे सगळं बोलण्यात असायचं, ते आमच्या डोक्यावरनं.

आमचा टीव्ही जुना, लाकडी शटरवाला. रिमोट नव्हता. तसला सीन आला की आजी चुलीजवळनं ओरडायची नाही की काय नाही, गुपचूप उठून यायची आणि शटर ओढायची, डावीकडचं आधी, मग उजवीकडचं. आवाज चालूच. आम्ही पाच-सहा पोरं बंद शटरकडं बघत बसायचो आणि आतनं व्हायोलिन वाजायचं. तिच्या अंदाजानं मिनिटभर झाला की परत उघडायची. उघडल्यावर बऱ्याचदा साबणाची जाहिरात चालू असायची आणि त्यात एक बाई आंघोळ करत असायची, त्याला आजीचं काही म्हणणं नव्हतं. अमेरिकेबद्दल जे काही आम्हाला वाटायचं ते त्या बंद शटरच्या आत आम्हीच रचलेलं होतं असं आता वाटतं.

प्र. पण मग तसल्याच सिरीयल का आल्या, चांगल्या का नाही आल्या?

धंदा. सिरीयल बनवायचा खर्च अमेरिकेतच बराचसा वसूल झालेला असतो, त्यामुळं बाहेरच्या देशाला ती स्वस्तात दिली तरी वरचा सगळा फायदाच. आणि बाहेर कुठली सिरीयल चालते तर जिला भाषांतर कमी लागतं. कोर्टातली उलटतपासणी, शब्दावरचे विनोद, तिकडच्या निवडणुकीचं राजकारण हे सगळं बॉर्डरवरच अडकतं. समुद्र, ऊन, लाल पोहण्याचे कपडे, बुडणारा माणूस आणि त्याला वाचवायला पळणारी बाई, याला डबिंग लागत नाही.

'बेवॉच'ची गोष्ट म्हणूनच भारी आहे. १९८९ ला एनबीसीवर सुरू झालं आणि एका सीझनमध्ये बंद पडलं. अमेरिकेनं नाकारलेला माल होता तो. मग हिरो डेव्हिड हॅसलहॉफ आणि निर्मात्यांनी मिळून परदेशी चॅनेलच्या पैशाच्या जोरावर परत चालू केलं आणि ते १४० च्या वर देशांत गेलं, आठवड्याला अब्जावर लोक बघतात अशी गिनीजमध्ये नोंद झाली. म्हणजे जगानं जे अमेरिकेचं चित्र म्हणून बघितलं त्याला बराच पैसा आणि बरीच टाळी जगाचीच होती. आपण मागितलं, त्यांनी पाठवलं, आणि मग आपणच म्हणालो, बघा कशी आहेत ही लोकं.

प्र. अमेरिकन लोक घरात बसून तेच बघतात म्हणजे त्यांना चालतंयच की?

इथं जरा थांबा. १९५१ ला तिकडं 'आय लव्ह लुसी' नावाची सिरीयल सुरू झाली, हिरो-हिरोईन खऱ्या आयुष्यात पण नवरा-बायको, तरी त्यांच्या बेडरूममध्ये दोन वेगळे पलंग दाखवायचे. ती बाई खरंच गरोदर राहिली तर सिरीयलमध्ये गरोदर हा शब्द वापरायचा नाही असं चॅनेलनं ठरवलं, आडून सांगायचं. आपल्या दूरदर्शनपेक्षा कडक.

२००४ ला फुटबॉलच्या त्यांच्या मोठ्या मॅचच्या मध्यंतरात जॅनेट जॅक्सनचा कपडा अर्धा सेकंद सरकला आणि सरकारी खात्यानं ती दाखवणाऱ्या सीबीएस चॅनेलला साडेपाच लाख डॉलर दंड ठोकला. तो नंतर कोर्टात टिकला नाही, पण गोंधळ किती झाला बघा, अर्ध्या सेकंदावर. तोपर्यंत त्याच देशातल्या एचबीओवर 'सेक्स अँड द सिटी' सहा वर्षं चालून संपत आलेलं. कारण एचबीओ पैसे भरून घ्यायचा चॅनेल, त्याला अँटेनावरच्या चॅनेलचे नियम लागू नाहीत. आपल्याला हा फरक दिसत नाही, आपल्याला दोन्ही एकाच डबड्यातनं येतात.

आणि एक आकडा आहे तो मी ऑडिटवाल्यांना सुद्धा सांगतो. कैसर फाउंडेशननं मोजलं होतं की तिकडच्या किती कार्यक्रमांत सेक्सचा विषय येतो, १९९८ ला ५६ टक्के, २००५ ला ७० टक्के. वाढला. आता त्याच काळात तिकडच्या पंधरा ते एकोणीस वयाच्या पोरींना मुलं होण्याचं प्रमाण घेतलं तर १९९१ ला हजारी ६२ च्या आसपास होतं, ते उतरत उतरत २०२० ला १५ च्या आसपास आलं. टीव्हीतला आलेख वर, घरातला खाली. टीव्ही बघून घराचा अंदाज बांधला असता तर बरोबर उलटा निघाला असता.

प्र. आपल्याबद्दल त्यांना काय वाटतं?

एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी वाटतात आणि दोन्ही एकाच डोक्यात सुखानं नांदतात.

पहिली म्हणजे आपण कामसूत्रवाले. ते पुस्तक १८८३ ला बर्टन नावाच्या इंग्रजानं इंग्लिशमध्ये छापलं तेव्हापासनं आपल्या गळ्यात आहे. त्यात सात अधिकरणं, त्यातलं एकच, दुसरं, प्रत्यक्ष संभोगावर, बाकीच्यांत बरंचसं घर कसं असावं, लग्न कसं जमवावं, बायकोनं खर्चाचा हिशोब कसा ठेवावा असलं. पण डॉक्युमेंटरीत खजुराहोच्या भिंतीवर कॅमेरा फिरतो तेव्हा हिशोबाच्या वहीचं शिल्प कुणी दाखवत नाही.

दुसरी म्हणजे आपल्याला ह्यातलं काहीच कळत नाही. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टूनमधला भारतीय दुकानदार अपू, १९९७ च्या एपिसोडमध्ये आई मुलगी ठरवते आणि हा मंडपात उभा. पुढं एकदम आठ पोरं. नंतर २००७ ला 'द बिग बँग थिअरी' आलं, त्यातला राज एवढा मोठा शास्त्रज्ञ पण दारू प्यायल्याशिवाय बाईशी एक शब्द बोलू शकत नाही, आणि हे असं सहा सीझन. २०२० ला नेटफ्लिक्सवर लग्न जुळवणाऱ्या बाईंचा कार्यक्रम आला तेव्हा तर मला तीन वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी विचारलं, तुझंही असंच फाईलमधनं झालं काय. मी म्हटलं हो, कांदेपोहे पण होते. ते हसले, मी पण हसलो. हे खरंच तसं झालेलं आहे आता काय करणार.

आणि तिसरं, ज्याला हसता येत नाही, डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतरच्या बातम्या. तेव्हापासनं बाई पाहुणी यायची असली की तिच्या कंपनीचा आधी ई-मेल येतो, हॉटेल सुरक्षित आहे काय, ड्रायव्हर ओळखीचा आहे काय. पहिल्यांदा मला राग आला होता. नंतर माझ्या बहिणीला रात्रीच्या गाडीनं पुण्याला पाठवताना मी पण हेच दोन प्रश्न विचारतो हे लक्षात आलं आणि राग गेला. टीव्हीनं सांगितलेलं सगळं खोटंच असतं असं मी म्हणत नाही.

प्र. रिचर्ड गेर आणि शिल्पा शेट्टीचं काय झालं होतं, ते अजून विचारतात?

पन्नाशीच्या पुढचे विचारतात. एप्रिल २००७, दिल्लीत ट्रक ड्रायव्हर लोकांसाठी एड्सबद्दल कार्यक्रम होता, गेरनं स्टेजवर तिला धरून गालावर मुके घेतले. पुतळे जाळले, जयपूरच्या कोर्टानं वॉरंट काढलं. मग तिकडच्या चॅनेलनी एक मुका आणि एक जळता पुतळा, मुका-पुतळा मुका-पुतळा असं फिरवत ठेवलं. त्यांना वाटलं हा देश गालावरच्या मुक्यानं पेटतो. त्याच संध्याकाळी कोट्यवधी लोक घरी जेवून झोपले ते कोण दाखवणार. शिल्पा शेट्टीवरच्या आरोपातनं तिची सुटका व्हायला २०२२ उजाडलं, ते मात्र कुठं फिरवलं नाही.

प्र. हे सगळं ठीक आहे, पण त्यानं बिघडतं काय? करमणूक आहे.

बिघडतं. सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक पोलिश इंजिनिअर बाई आल्या होत्या, मोल्डिंग लाईन, म्हणजे साचे करायची मशिनं, चालू करून द्यायला. वय पन्नाशीकडं, सेफ्टी शूज, केस बांधलेले, दिवसभर काळ्या वाळूत. आमच्यातल्याच एका पोराकडं त्यांचा नंबर कामासाठी होता. रात्री साडेअकराला त्यानं मेसेज टाकला, हाय, मग फूल, मग 'यू अलोन?', मग परत फूल. सकाळी नाश्त्याला त्या बाईंनी फोन माझ्यापुढं सरकवला, इडलीच्या ताटाशेजारी, काही बोलल्या नाहीत. मी वाचला आणि माझीच मान खाली गेली.

पोराला बोलावलं. तो काही गुंड नव्हता बरं का, घरी आई-वडील, तालमीत जाणारा, गल्लीतल्या पोरीकडं मान वर करून बघणार नाही असला. मी म्हटलं, आपल्या अकाउंटच्या मॅडमना असं रात्री साडेअकराला फूल पाठवशील काय? तर तो दचकलाच, "छे छे, दादा, काय बोलताय, त्यांचं वेगळं." मग ह्यांचं काय वेगळं? तर म्हणाला, "त्यांच्यात चालतंय की, आपण बघतोय की टीव्हीत." त्याला पोलंड नकाशात दाखवता आलं नसतं. त्यानं बघितलेलं सगळं कॅलिफोर्नियातलं, आणि गोरी म्हणजे सगळी एकच. त्या बाई रविवारी चर्च शोधत होत्या, मीच त्यांना घेऊन गेलो होतो.

त्याचं माफी मागून झालं, त्यांनी कंपनीला कळवलं नाही, पण उरलेले नऊ दिवस त्या कुणाशी कामाशिवाय बोलल्या नाहीत. रंकाळ्याला चला म्हटलं तर नको म्हणाल्या.

उलटं पण होतं. एक इटालियन टेक्निशियन आमच्या सुपरवायझरच्या घरी जेवायला आला होता. वहिनी पांढरा रस्सा वाढायला आल्या की हा खुर्ची मागं सरकवून ताडकन उभा राहायचा आणि भिंतीकडं बघायचा. तीनदा झालं. वहिनींना वाटलं रस्सा आवडला नाही. नंतर गाडीत कळलं, त्यानं कुठल्यातरी कार्यक्रमात बघितलं होतं की भारतात लग्न झालेल्या बाईकडं परपुरुषानं बघितलं तर तिचा नवरा मारतो. नवरा शेजारी बसून हाड चोखत होता.

प्र. कोरियन सिरीयल बघून पोरी म्हणतात कोरियन मुलं लई सभ्य असतात. खरं काय?

माझी भाची त्यातलीच. राजारामपुरीत क्लासला जाते आणि घरी कोरियन बोलते. त्या सिरीयलमध्ये हात धरायला चार एपिसोड लागतात आणि चुंबन अर्धी सिरीयल संपल्यावर, ते पण बर्फात. जपानमध्ये २००३ ला एनएचकेनं 'विंटर सोनाटा' दाखवली तेव्हा तिथल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका विमानं भरभरून कोरियात शूटिंगच्या जागा बघायला गेल्या, हळव्या मऊ कोरियन पुरुषाची ती इमेज तिथनं पक्की झाली.

आमच्याकडं आलेले कोरियन पुरुष मी बघितलेत. सकाळी सात ते रात्री दहा प्लँटवर, साहेबानं चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवत नाही, बर्फाबिर्फाचा काही संबंध नाही. त्या देशात परपुरुष-परस्त्री संबंध हा २०१५ पर्यंत गुन्हा होता, तुरुंगवासाची शिक्षा होती, मग त्यांच्या घटनात्मक कोर्टानं कायदा रद्द केला. त्याच विषयावरचं आपलं ४९७ कलम सुप्रीम कोर्टानं २०१८ ला काढलं, म्हणजे दोन्ही देश साधारण एकाच गाडीत. आणि जगाला प्रेम शिकवणाऱ्या त्या देशात बाईमागं जन्मणाऱ्या मुलांचं प्रमाण २०२३ ला ०.७२ पर्यंत उतरलं होतं, जगात सगळ्यात कमीत मोडतं. घरं महाग, नोकरीचे तास लांब, पोरं-पोरी लग्नच करेनात. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "मामा, तू मूड घालवतोस." बरोबर आहे तिचं.

प्र. मुसलमान देशांत पण टीव्हीचं असं होतं काय?

होतं की. तुर्कस्तानची 'ग्युमुश' म्हणून सिरीयल, स्वतःच्या देशात बरी चालली एवढंच. २००८ ला एमबीसी या अरबी चॅनेलनं ती सीरियातल्या बोलीत डब करून 'नूर' नावानं अरब देशांत दाखवली आणि शेवटच्या एपिसोडला साडेआठ कोटी प्रेक्षक असल्याचा अंदाज आला. त्यातला नवरा बायकोला फुलं आणतो, तिच्या धंद्याला मदत करतो, ऐकून घेतो. सौदीच्या मुफ्तींनी विरोध केला, कारण त्यात दारू, लग्नाआधीचे संबंध हे सगळं मुसलमान घरातच दाखवलेलं. तरी अरब पर्यटक इस्तंबूलला त्या सिरीयलमधलं समुद्रकाठचं घर बघायला रांगा लावून. घरी परत गेल्यावर तुर्की नवऱ्याचा दाखला देऊन किती नवऱ्यांना ऐकून घ्यावं लागलं असेल त्याचा सर्व्हे झालेला माझ्या बघण्यात नाही.

प्र. याला काही शास्त्र आहे का नुसत्या गप्पा?

आहे. जॉर्ज गर्बनर नावाचे प्राध्यापक, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले, साठच्या दशकाच्या शेवटापासनं त्यांनी टीव्हीतल्या मारामारीवर अभ्यास केला. जो जास्त टीव्ही बघतो त्याला बाहेरचं जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. थेंब थेंब पडून डोक्यात जग तयार होतं. परदेशाबद्दल हे जास्त जोरात होणार हे सांगायला प्राध्यापक कशाला पाहिजे, शेजारच्या गल्लीबद्दल टीव्हीनं खोटं सांगितलं तर आपण चालत जाऊन बघून येतो, पोलंडला कोण जाणार.

प्र. टीव्हीनं कधी चांगलं केलंच नाही काय?

केलंय. २००९ ला जेन्सन आणि ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास छापून आला, बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा, दिल्ली इथला. ज्या खेड्यांत केबल आली तिथं नवऱ्यानं मारणं चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच पाहिजे हा हट्ट कमी झाला. आणि त्या बायका काय बघत होत्या, तर सासू-सुनेच्या सिरीयल, ज्यांना आपण नावं ठेवतो. शहरातली खोटी श्रीमंत घरं बघून सुद्धा काहीतरी खरं बदललं. ब्राझीलमध्ये पण तिकडच्या सिरीयलमधली छोटी कुटुंबं बघून जन्मदर उतरल्याचा अभ्यास आहे.

प्र. सरकारनं असले चॅनेल बंदच करावेत ना?

केले की. २००७ ला एएक्सएनवर दोन महिन्यांची बंदी घातली होती, जाहिरातींच्या एका कार्यक्रमावरनं. काय फरक पडला ते तुम्हीच सांगा.

प्र. मुलगी जर्मनीला एमएसला चाललीय, तिकडं उघडं-नागडं फिरतात म्हणे?

हा प्रश्न मला कागलच्या एका ओळखीच्या वडिलांनी डोळ्यांत पाणी आणून विचारलाय म्हणून नीट सांगतो. जर्मनीत सौना असतो, गरम वाफेची खोली, त्यात बायका-पुरुष एकत्र आणि कपड्याशिवाय बसतात, खरं आहे. काही तळ्यांच्या काठी पण तसं चालतं. पण त्याचा सेक्सशी संबंध ते लोक लावत नाहीत. तिथं टक लावून बघणं हीच मोठी असभ्यता. आपल्याकडं पंचगंगेच्या घाटावर पुरुष पंचा लावून आंघोळ करतात त्याकडं कुणी वेगळ्या नजरेनं बघतं काय? तसं. मुलीला जायचं नसेल तर कुणी ओढून नेत नाही. तिला खरा त्रास भाड्याची खोली मिळताना होणार आहे, त्याची काळजी करा.

प्र. कोल्हापूरबद्दल पण लोकांना असंच काहीतरी वाटतं काय?

वाटतं का म्हणजे! २०१६ ला 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झालं, वसगडे गावात शूटिंग, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी ठरवूनच टाकलं की कोल्हापूरचा पुरुष म्हणजे दीडशे किलोचा, लालबुंद, पोरगी समोर आली की लाजून चूर, आणि कशालाही 'चालतंय की'. पुण्याच्या एका सप्लायरच्या ऑफिसात मला एका पोरीनं सरळ विचारलं, तुमच्याकडची मुलं लग्नाआधी बोलतच नाहीत ना मुलींशी? माझं वजन बासष्ट किलो आणि लव्ह मॅरेज. (वर कांदेपोहे म्हटलं ते खोटं नाही, पळून जायला नको म्हणून घरच्यांनी नंतर रीतसर बघण्याचा कार्यक्रम केला होता.) आपल्याकडं पोरी सुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात आणि शिवाजी विद्यापीठाच्या कट्ट्यावर कोण कुणाला लाजतंय ते एकदा येऊन बघा.

पण तक्रार करायला तोंड नाही आपल्याला. बाबूराव पेंटरांपासनं इथं सिनेमा बनतोय, पाटील, फेटा, लावणी, वाड्यावरची बैठक हे सगळं चित्र कोल्हापूरच्या स्टुडिओंनी आणि आसपासच्या गावांनीच महाराष्ट्राला विकलं. मुंबईच्या माणसाला वर्षानुवर्षं वाटायचं की खेडं म्हटलं की पाटील संध्याकाळी नाचच बघत बसतो. पाटील बिचारा उसाला पाणी देत होता.

प्र. परदेशी पाहुणा घरी आला तर टीव्ही चालू ठेवावा काय?

बंद ठेवा. मी ठेवला नव्हता.

एक जर्मन साहेब घरी आले होते, साठीचे, शांत. मी आत ताटं घेत होतो, ते हॉलमध्ये आईशेजारी बसले, आणि आईची 'माझ्या नवऱ्याची बायको' चालू. ती सोडून आई पाहुण्यालाच काय, यमाला पण उठून पाणी देणार नाही. बाहेर आलो तर साहेब चष्मा पुसून नीट बघत होते. मला म्हणाले, समजावून सांग. आता काय सांगणार, ही राधिका, ही बायको, हा गुरुनाथ, हा नवरा, आणि ही शनाया, ही त्याची ऑफिसातली. साहेबांनी विचारलं, आणि हे किती दिवस चाललंय? मी म्हटलं, तीन वर्षं. ते गप्प झाले. मग हळूच, आई ऐकेल म्हणून आवाज खाली आणून, म्हणाले, तुमच्याकडं हे असं बरंच असतं काय, घरोघरी?

आईला इंग्लिश येत नाही, पण सूर कळला. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "काय विचारतोय रं त्यो?"

सांगितलं.

"त्येला सांग, ह्ये तिकडं मुंबईकडचं हाय. आपल्यात न्हाई असलं काय."